जालन्यातून थेट खंडपीठात!

जालन्यात बसून उच्च न्यायालयात अपील दाखल होतं! सध्या भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे. बार रूममध्ये सांगितलं, नोटरीच्या टेबलापाशी सांगितलं, कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सवाल्या दादांनाही सांगितलं. ई-फायलिंग हे नाव आम्हा वकिलांच्या कानावर केव्हाचंच आहे. पण दुसरं अपील, तेही औरंगाबाद खंडपीठात, आपल्या हातांनी, आपल्या टेबलावरून पाठवायचं! त्याची मजा ऐकून कळत नाही, ते करून बघावं लागतं.

प्रकरण भोकरदन तालुक्यातल्या एका मावशींचं. वडिलोपार्जित कोरडवाहू जमिनीत मुलीचा हिस्सा मिळावा, एवढीच मागणी. भावांचं म्हणणं, वाटणी फार पूर्वी तोंडी झालेली आहे. तालुक्याच्या कोर्टात दावा मंजूर झाला, जिल्हा न्यायालयात तो निकाल फिरला. आता पुढची पायरी म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 100. इथे नुसतं ‘निकाल चुकला’ म्हणून भागत नाही, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. तो आमच्याकडे होता. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली 2005 ची दुरुस्ती आणि विनीता शर्मा प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल पाहिला, तर तोंडी वाटणीचा बचाव सहजासहजी टिकत नाही. मुदत 90 दिवसांची, त्यातून नक्कल मिळायला लागलेला काळ वगळायचा.

मग मी पोर्टल उघडलं. बार कौन्सिलची सनद आणि मोबाईल नंबर जोडून नोंदणी होते. त्यानंतर एकेक पान पुढे सरकतं: अपिलाचा प्रकार, अपीलकर्ता, प्रतिवादी, कायदा आणि कलम. आणि मग येतो तो रकाना, जिथे मी खुर्चीत सावरून बसले. खालच्या कोर्टाचा केस नंबर, निकालाची तारीख, नकलेसाठी अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली. मुदतीचं जे गणित आपण वहीच्या मागच्या पानावर मांडतो, त्याचा सगळा कच्चा माल इथे तारखांसकट नोंदला जातो! अपील मुदतीत आहे की नाही, हे तपासणाऱ्यालाही तिथेच दिसतं.

पण खरी कमाल पीडीएफची. अपील मेमो, दोन्ही निकालपत्रं, दावा, कैफियत, साक्षी, सातबारा, फेरफार, आणि मराठी कागदांचे इंग्रजी अनुवाद. सगळं स्कॅन करून, सलग पान क्रमांक घालून एका संचात आणलं आणि प्रत्येक कागदाला बुकमार्क लावला. डावीकडे नावांची यादी, बोट ठेवलं की थेट त्या पानावर! फेरफारावर टिचकी मारली, फेरफार समोर. भावाच्या उलटतपासणीवर टिचकी मारली, तीही समोर. वाटणी नेमकी कधी झाली, या प्रश्नाला त्यात आलेलं गुळमुळीत उत्तर आणि सातबाऱ्यावरच्या नोंदी मी शेजारी शेजारी उघडून पाहिल्या. आमचा मुद्दा पहिल्यांदा इतका लख्ख दिसला, की तिथल्या तिथे मेमोमधला एक आधार मी नव्याने लिहिला. संच नीट लावता लावता प्रकरणच नीट उलगडत जातं!

वकीलपत्रावर सही आणि शपथपत्र नोटरीसमोर करून घेतलं होतं, तेही स्कॅन करून जोडलं. कोर्ट फीसाठी शासनाची ग्रास प्रणाली आहे, चलन ऑनलाइन निघतं. शेवटी सही, शेवटचं बटण, आणि पडद्यावर ई-फायलिंग क्रमांक! शेजारी बसलेल्या मावशींनी विचारलं, “ताई, म्हंजे गेलं का आपलं अपील औरंगाबादला?” म्हटलं, “गेलं, मावशी! तुमच्या डोळ्यांदेखत गेलं!”

या ‘गेलं’ची किंमत कळायला थोडं मागे जावं लागेल. 1956 पूर्वी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, इथल्या माणसाला वरच्या कोर्टासाठी हैदराबाद गाठावं लागे. 1956 नंतर मुंबई. 27 ऑगस्ट 1981 ला औरंगाबादला खंडपीठाचं कामकाज सुरू झालं. त्याच वर्षी 1 मे रोजी जालना जिल्हा जन्माला आला होता. वरचं कोर्ट 60 किलोमीटरवर आलं, ही केवढी मोठी गोष्ट! तरी भोकरदनच्या माणसाला एका सहीसाठी एस.टी.नं राजूरमार्गे जालना, पुढे औरंगाबाद, दिवसाची मजुरी बुडवून. दाद मागायचा हक्क कायद्यानं सगळ्यांना सारखा दिला, पण तो पोहोचायचा ज्याला प्रवास परवडतो त्याच्याकडे. तीच वाट आता मोडते आहे, म्हणून माझा हा एवढा उत्साह.

पुढचंही सोपं आहे. छाननीत त्रुटी निघाल्या तर त्या खात्यातच दिसतात. इथेच बसून दुरुस्त करा, पुन्हा पाठवा. प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. मोबाईलमधल्या ई-कोर्ट्स ॲपवर तो टाकला की तारीख, टप्पा, आदेश सगळं दिसतं. मावशींच्या नातवाला ते शिकवायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. आता तारीख काय पडली, हे आजीला घरातूनच कळणार!

कार्यालयाला कागदी संच लागतो तेव्हा तो द्यायचाच आहे. युक्तिवादालाही उभं राहायचंच आहे. स्कॅन अंधूक आलं तर पुन्हा काढावं लागतं, वीज गेली तर थांबावं लागतं. पण ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यासाठी 2023 मध्ये केंद्रानं 7,210 कोटी रुपये मंजूर केले आहेत. सोय वाढत जाणार, हे नक्की. आणि ज्यांच्याकडे संगणक नाही, त्यांच्यासाठी न्यायालयांमध्ये ई-सेवा केंद्रं आहेत.

म्हणून अंबड, परतूर, मंठा, जाफराबाद, घनसावंगी, बदनापूरच्या माझ्या वकील मित्र-मैत्रिणींनो, पुढचं अपील स्वतः भरा. कुणा ज्येष्ठांचा सल्ला जरूर घ्या, पण बटण तुमच्या हातानं दाबा. आणि भरताना पक्षकाराला शेजारी बसवा. आपल्या नावावर काय लिहिलं जातंय, कोणता कागद कुठे लागतोय, हे त्याला दिसू द्या. एवढी वर्षं त्याचं प्रकरण त्याच्या नजरेआड वर जात होतं. आता ते त्याच्यासमोर जाऊ शकतं, तर तसंच जायला हवं!