दुष्काळ आणि दुष्काळसदृश

अचलपूर,
१० नोव्हेंबर

चि. छकुलीस,


तुझं पत्र काकूला दोनदा वाचून दाखवलं. तू दिल्लीत चिनी शिकतेस याचं तिला कौतुक आहे, पण "पोट्टी जेवते काय बराबर?" एवढंच विचारून ती उठली. 'वर धोरण, खाली तोड' ही तू कळवलेली म्हण मात्र मला लगेच पटली. महसूल खात्यात जन्म गेलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

तुझ्या पत्रात मी अडकलो दुसऱ्याच ठिकाणी. चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात कोट्यवधी माणसं उपासमारीनं मेली आणि सरकारी भाषेत त्याचं नाव पडलं आधी 'तीन वर्षांची नैसर्गिक आपत्ती', पुढे 'तीन वर्षांचा कठीण काळ'. यावर हसू नकोस. १९६३ साली आपल्या महाराष्ट्रानं चक्क कायदा करून राज्याच्या कायद्यांतला 'फॅमिन' हा शब्द खोडला आणि तिथं 'स्कॅर्सिटी', म्हणजे टंचाई, घातला. सरकार इतकं दक्ष आहे की दुष्काळ पडायला आता वावच नाही, हे त्याचं कारण. नऊ वर्षांनी, १९७२ मध्ये, त्याला वाव सापडला. 'बहात्तरची टंचाई' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आमच्या दप्तरातही असंच. सोळा आणे पीक म्हणजे भरपूर, आठ आण्यांच्या खाली गेलं की दुष्काळ, ती आणेवारी. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि कागदावर तिची पैसेवारी झाली. आठ आण्यांचे पन्नास पैसे झाले, पण पारावर आजही "औंदा आणेवारी किती लागली?" असंच विचारतात. आकडा उगीच विचारत नाहीत. दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या बिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. एका शब्दाच्या मागं एवढं लटकलेलं असतं, म्हणूनच तो शब्द तोंडातून निघता निघत नाही.

२०१८ चा ऑक्टोबर घे. आधी १८० तालुक्यांत 'दुष्काळसदृश परिस्थिती', मग आठवड्याभरानं १५१ तालुक्यांत दुष्काळ. या 'सदृश'चा मला जुना राग आहे. संस्कृतातला एवढा देखणा शब्द, आणि त्याला कामाला लावलं कुठं! एकदा पाहणीला गेलो असताना तो मी एका म्हाताऱ्याला समजावून सांगत होतो. त्यानं पऱ्हाटीचं वाळलेलं बोंड माझ्या हातावर ठेवलं. "सायेब, वावर सुकलं थे सुकलंच. सुकल्यावानी काऊन म्हनता?" मी वहीत मान घातली. तोड त्याच्याकडं नव्हती, माझ्याकडंही नव्हती.

राज्य हाती आलं तर आधी नावं नीट करीन, असं तुमचे कन्फ्यूशियस म्हणाले होते ना? 'चंग मिंग' की काय ते; बरोबर लिहून पाठव. आणि चिनीत 'सदृश'ला काय म्हणतात, तेही विचार तुझ्या सरांना.

आंबिया बहाराची संत्री पाठवतोय. फळं बारीक आहेत. बारीकसदृश नव्हे, बारीकच.

तुझा,
काका