वाणसामानाची वाट

मॅकडॉवेल काउंटीत सपाट जमीन हीच खरी श्रीमंती. वेस्ट व्हर्जिनियाच्या पार दक्षिण टोकाला डोंगर एकमेकांना इतके खेटून उभे आहेत, की मधल्या चिंचोळ्या पट्टीत नदी, रेल्वेचे रूळ आणि रस्ता यांनी कशीबशी आपापली जागा धरली आहे. घरं उरलेल्या जागेत, चढावर, घळींमध्ये. अशा घळीला इथले लोक ‘हॉलर’ म्हणतात. हॉलरमध्ये सूर्य उशिरा उतरतो आणि लवकर निघून जातो. पाऊस मात्र भरपूर. जून महिन्यात या रस्त्यांवरून जाताना कोकणातल्या माणसालाही घाट चढल्यासारखं वाटावं, इतकं हिरवं.

आणि एवढ्या ओल्या, हिरव्या मुलखात ताजी भाजी मिळवणं हे एक काम होऊन बसलेलं असतं.

खायला काही नाही असं नव्हे. डॉलर जनरलचं पिवळं दुकान वळणावळणावर भेटतं. तिथे डबाबंद घेवडा आहे, मक्याचे फ्लेक्स आहेत, चिप्स आहेत, गोठवलेले पिझ्झे आहेत, सोड्याच्या बाटल्यांच्या भिंतीच्या भिंती आहेत. पालेभाजीची जुडी शोधायला गेलात तर बहुतेक वेळा रिकाम्या हाताने बाहेर पडाल. भरलेलं मोठं दुकान हवं तर ब्लूफील्ड किंवा प्रिन्स्टनकडे जायचं, म्हणजे डोंगरातून तासभर गाडी. इथली एक म्हातारी मला सांगत होती, की सरकारी अन्नमदत महिन्याच्या सुरुवातीला कार्डावर जमा झाली, की शेजारच्या दोघी-तिघी मिळून एकाची गाडी ठरवतात आणि त्याला पेट्रोलचे पैसे देतात. महिन्याचं सगळं एका फेरीत आणायचं, तर टिकणारंच आणायला हवं. म्हणून पावसुद्धा फ्रीझरमध्ये. “लेट्यूस आणला तर तो आधी खावा लागतो,” ती हसत म्हणाली, “मग उरलेला महिना कॅनचा.”

अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा भागांसाठी मोजमाप ठरवलेलं आहे. गरिबी ठरावीक पातळीच्या वर असेल आणि बऱ्याच लोकांना सुपरमार्केट शहरात 1 मैलापेक्षा, खेड्यात 10 मैलांपेक्षा लांब पडत असेल, तर तो भाग अन्नाचं वाळवंट. हे अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजतात. मॅकडॉवेलमध्ये सरळ रेषेत फक्त कावळा जातो. माणसाला नदीच्या मर्जीने वळावं लागतं आणि कोळशाची गाडी फाटकातून पूर्ण जाईपर्यंत थांबावं लागतं.

एकेकाळी इथे दुकानं होती. 1950 साली या काउंटीत 98,887 माणसं होती. 2020 च्या जनगणनेत उरली 19,111. कोळशाच्या भरभराटीत वेल्च गावाच्या रस्त्यावर शनिवारी संध्याकाळी चालायला जागा नसायची, असं जुने लोक सांगतात. पण त्या भरभराटीतही खाणकामगाराच्या घरचं वाणसामान बरेचदा कंपनीच्याच दुकानातून यायचं. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं आणि कित्येक खाणींवर मजुरीही कंपनीच्या नाण्यांत. ‘स्क्रिप’ नावाची ती नाणी कंपनीच्या दुकानाबाहेर कवडीमोल. पिठाचा भाव कोळशाचा भाव ठरवणाराच ठरवायचा. पुढे खाणींत यंत्रं आली, माणसं कमी झाली. 1980 च्या दशकात मोठ्या खाणी बंद पडल्या आणि पगाराबरोबर दुकानंही गेली.

त्याआधीच या दरीत भूक सगळ्या देशाला दिसली होती. 1960 च्या प्राथमिक निवडणुकीत जॉन केनेडी वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसापट्ट्यात हिंडले आणि अध्यक्ष झाल्यावर त्यांनी फूड स्टॅम्पचा, म्हणजे दुकानात चालणाऱ्या सरकारी अन्नकुपनांचा, प्रयोग सुरू केला. त्यातले पहिले स्टॅम्प 29 मे 1961 रोजी वेल्चमध्ये दिले गेले. पंधरा माणसांच्या एका कुटुंबाने 95 डॉलरचे स्टॅम्प घेतले आणि तिथल्याच हेंडरसन सुपरमार्केटमधून पहिली खरेदी केली ती डुकराचं मांस घातलेल्या घेवड्याच्या डब्याची. कार्यक्रमाला स्वतः कृषिमंत्री ऑरव्हिल फ्रीमन हजर होते.

फ्रीमन हे नाव वाचलं की मी थबकते. 1965 च्या नोव्हेंबरमध्ये रोममध्ये आपले अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्याशी करार करणारे ते हेच. भारताने शेतीचं धोरण कसं बदलायचं ते त्यात ठरलं, आणि पाठोपाठ दुष्काळाच्या दिवसांत अध्यक्ष जॉन्सन आपल्याकडे येणारा गहू महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडत राहिले. पुढे 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी महाराष्ट्राच्या रेशन दुकानांत पोचली. अमेरिकेत ती मुख्यतः गुरांना घालतात. आमच्या घरी दुष्काळाच्या गोष्टी निघाल्या की तिचं नाव अजून निघतं. भाकरी थापताना कडा फुटायच्या, तव्यावर रंग विटकरी, आणि खाणारा ताटाकडे न बघता खायचा. माझी आजी तिला नावं ठेवायची आणि त्याच दमात म्हणायची, “पण पोरं जगली गं तिच्यावर.”

आजीच्या या एका वाक्यात दोन्ही गोष्टी होत्या आणि मला मॅकडॉवेलमध्ये त्या दोन्ही पुन्हा भेटल्या. फूड स्टॅम्पने इथली पोरं जगली, हे खरं. त्याआधी सरकारी शिल्लक माल वाटत असत, लार्ड, पीठ, दुधाची भुकटी. काय मिळेल ते गोदाम ठरवायचं. स्टॅम्प आल्यावर निदान दुकानात जाऊन बोट दाखवता आलं. घेवड्याच्या त्या पहिल्या डब्याचं मोल त्यात आहे. कंपनी-दुकान आणि शिल्लक मालाच्या रांगा पाहिलेल्या माणसाला आपल्या हाताने फळीवरून डबा उचलणं ही लहान गोष्ट वाटली नसेल.

पण फळीच गेली तर बोट कुठे दाखवायचं?

2005 मध्ये याच काउंटीतल्या किंबल गावात वॉलमार्ट आलं. सपाट जमिनीचा मोठा तुकडा त्याला मिळाला. स्वस्त दूध, ताजी फळं, औषधं आणि त्याहून मोठं म्हणजे नोकऱ्या. माणसं तिथे नुसती भेटायलाही जात. मग 15 जानेवारी 2016 ला आर्कान्सामधल्या बेंटनव्हिलच्या मुख्यालयातून घोषणा झाली, की देशातली 154 दुकानं बंद होणार, आणि त्यात किंबल होतं. महिना संपायच्या आत दाराला कुलूप. जवळच्या फूड बँकेला त्या दुकानातलं उरलेलं अन्न मिळत असे. तो ओघही त्याच दिवशी आटला. दुकान तोट्यात असेल, कंपनीचा हिशेब बरोबरही असेल. पण त्या हिशेबाच्या टेबलाशी किंबलचं कुणी नव्हतं.

लहान दुकानं मुळात टिकली का नाहीत, याची कारणं डोंगरात जितकी आहेत तितकीच वॉशिंग्टनच्या कागदांत. 1936 च्या रॉबिन्सन-पॅटमन कायद्याने पुरवठादाराला बजावलं होतं, की मोठ्या साखळीला एक भाव आणि कोपऱ्यावरच्या वाण्याला दुसरा, असं चालणार नाही. 1980 च्या दशकापासून सरकारने हा कायदा वापरणं जवळजवळ सोडून दिलं. मोठ्याला माल स्वस्त पडू लागला, धाकटा त्याच मालाला जास्त मोजू लागला. वाण्यांची फळी मोडली ती अशी, आवाज न करता.

म्हणून नवं सुपरमार्केट आणून ठेवलं की सगळं जागेवर येईल, असंही नाही. 2019 मध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी देशभरातल्या घरांच्या खरेदीचा अभ्यास छापला. अशा भागात नवं सुपरमार्केट उघडलं तरी लोकांच्या टोपलीत फारसा फरक पडत नाही, असं त्यांना दिसलं. आधी लांबच्या दुकानातून जे आणायचे, तेच ते जवळून आणू लागले. हा निष्कर्ष वाचून कुणी म्हणेल, बघा, दोष खाणाऱ्याचाच. मला तो वेगळा वाचता येतो. सवय एका पिढीत लागत नाही आणि एका उद्घाटनाने सुटत नाही. जिभेला कॅनची चव लावली ती कंपनीच्या दुकानाने आणि सरकारी खोक्यांनी. शिवाय दोन पाळ्या करून आलेल्या बाईला भाजी निवडायला वेळही लागतो, आणि वेळ कुठल्याच कार्डावर जमा होत नाही.

याच डोंगरात दुसरी चवही आहे आणि ती कुणी पाठवलेली नाही. वसंतात रानात ‘रॅम्प’ उगवतो, लसणाच्या उग्र वासाचा रानकांदा. उन्हाळ्यात शेंगा सुईदोऱ्यात ओवून ओसरीवर टांगतात. वाळून त्या चामड्यासारख्या होतात, म्हणून नाव ‘लेदर ब्रिचेस’. थंडीत भिजत घालून डुकराच्या चरबीत तासन्तास शिजवायच्या. आपल्या वाळवणाच्या खाटेची ही सख्खी बहीण. जुन्या फोटोंत कंपनीच्या एकसारख्या घरांमागे परसात मक्याच्या आणि शेंगांच्या ओळी दिसतात. कंपनीच्या राज्यातही तेवढी जमीन आणि तेवढं ताट घरातल्या बाईचं होतं.

फ्लोरिडातल्या बाल्डविन गावाचं उदाहरण मी मनात धरून आहे. गावातलं एकमेव किराणा दुकान गेल्यावर गावाच्या प्रशासनानेच 2019 मध्ये स्वतःचं दुकान उघडलं. कर्मचारी गावाचे नोकर, हिशेब गावाचा. भावात मोठ्या साखळ्यांशी टक्कर देता आली नाही आणि 2024 मध्ये ते बंद झालं. या गोष्टीचा शेवट गोड नाही आणि तो गोड करून सांगण्यात अर्थ नाही. तरी किंबलच्या कुलपात आणि बाल्डविनच्या कुलपात मला फरक दिसतो. बाल्डविनमध्ये दुकान उघडणारे आणि बंद करणारे एकाच गावात राहत होते. त्यांना रस्त्यात अडवून जाब विचारता येत होता, भांडता येत होतं, पुढच्या निवडणुकीत पाडताही येत होतं.

भुकेच्या प्रश्नाचं मोजमाप मैलांत करणं सोयीचं आहे, कारण मैल नकाशावर दिसतात. मला मोजायचं असेल तर मी एवढंच विचारीन, की रात्री चुलीवर काय चढवायचं हे या घरातल्या किती जणांना स्वतः ठरवता येतं, आणि दुकानाला टाळं लागलं तर ते कुणाला जाऊन विचारतील. ज्या दरीत या दुसऱ्या प्रश्नाला गावातल्याच एखाद्या माणसाचं नाव हे उत्तर मिळेल, तिथे सुपरमार्केट दहा मैलांवर असलं तरी मी तिला वाळवंट म्हणणार नाही.