थंड खूण, गरम खूण

चाळीस वर्षे कीर्तनसेवा केली. त्यात एका टाळकऱ्याचा मी भर कीर्तनात पाणउतारा केला, ते आज सांगून टाकतो. टाळकरी माझाच धाकटा भाऊ, औष्णिक वीज केंद्रात फिटर. काल्याच्या कीर्तनाला उशिरा आला, तेव्हा मी म्हणालो, “काहींना देवापेक्षा लोखंड प्रिय!” लोक हसले. तो खाली मान घालून टाळ वाजवीत राहिला.

रात्री जेवताना उशिराचे कारण विचारले. एरवी ‘दादा’ म्हणणारा तो “ऐका महाराज” म्हणाला.

मोठा बॉयलर जमिनीवर उभा नसतो, वरच्या पोलादी तुळयांना टांगलेला असतो. तापला की खाली वाढतो. त्यातून टर्बाइनकडे जाणारी वाफ साधारण ५४० अंशांची. तेवढ्या उष्णतेने पोलादी पाइप दर दहा मीटरला सुमारे सात सेंटिमीटर लांबतो. त्याला जखडून चालत नाही, मोकळा सोडूनही चालत नाही. म्हणून तो स्प्रिंगच्या हँगरांवर टांगतात. हँगरवर एक काटा असतो आणि दोन खुणा, एक थंड, एक गरम. संच बंद असताना एकदा आणि पुरता तापल्यावर एकदा, वर चढून काटा वाचायचा. गंजलेला रॉड, ढिला नट, स्प्रिंगच्या डब्यात साचलेली राख थंडपणी दिसते. पण काटा सरकतो का, ते तापल्यावरच कळते. थंडपणी सगळेच हँगर शहाणे!

दुरुस्तीनंतर पाइपात पाणी भरून दाबाची चाचणी घेतात. पाणी वाफेहून फार जड, म्हणून तेवढ्यापुरती पीन घालून स्प्रिंग अडकवतात. चाचणी झाली की पीन काढायची. त्या दिवशी संच तापला, सगळे काटे सरकले, एक जागचा हलेना. पीन आतच राहिली होती.

पालखीच्या एका खांदेकऱ्याने पाय रोवले तर बाकीच्यांच्या खांद्यांचे काय होते, ते तुम्हाला मी काय सांगावे? इथे तो भार शेजारच्या हँगरांवर आणि वेल्डिंगच्या जोडांवर जातो. जोडाला चीर गेली तर सुटलेली वाफ डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. माणूस कळायच्या आत भाजतो.

वरिष्ठ म्हणाले, पुढच्या शटडाऊनला बघू, आता सही कर. त्याने केली नाही. दिसले ते नोंदवहीत लिहिले, वाद घातला, आणि मग टाळ घ्यायला धावत आला.

मी माफी मागितली नाही. थोरला भाऊ, त्यात महाराज!

भार अंगावर असताना पीन उपटता येत नाही. चार दिवसांनी संच थंड केला, भार तोलून ती काढली. संच पुन्हा पेटवला त्या रात्री मी त्याच्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून राहिलो. पहाटे तो आला, राखेने माखलेला.

“काटा हलला का रे?”

“गरम खुणेवर आलाय, दादा,” म्हणाला, आणि अंघोळीला गेला.