कॅमेरा घेऊन चिकोडी-निपाणीत

सुट्टीत गावी जाणारी आपल्या मंडळातली मुलं हल्ली चांगले कॅमेरे घेऊन निघतात आणि विचारतात, तिकडे काढण्यासारखं आहे काय? विमानं, जुन्या मोटारी, मोठी यंत्रं यांचं त्यांना वेड. आता चिकोडीला ना समुद्र ना बंदर, आणि विमानतळ म्हणाल तर तो बेळगावपलीकडे सांबऱ्याला. तरी हिरमुसू नका.

सांबऱ्याची धावपट्टी १९४२ची. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी इंग्रजांच्या हवाई दलाने ती तयार केली. प्रवाशांसाठी नवी इमारत २०१७ साली झाली. पण शेजारीच आपल्या हवाई दलाची प्रशिक्षण संस्था आहे, तेव्हा भिंतीवरून लांब लेन्स रोखायचा उद्योग करू नका. उतरणारं विमान लांबच्या शेतातून नुसतं डोळ्यांनी बघण्यातही मजा आहे. वाटेत महामार्गालगत हत्तरगीला एअरबससाठी सुटे भाग बनतात. ऊस-तंबाखूच्या या पट्ट्यात विमानाचे भाग घडतात हे अजून आपल्याच अनेक पाहुण्यांना माहीत नसतं. तिथेही फोटो मिळणार नाही, तो भाग वेगळा.

जुन्या मोटारीसाठी दसऱ्याला सरळ कोल्हापूर गाठा. सीमोल्लंघनाला छत्रपतींची मेबॅक बाहेर निघते. १९३०च्या दशकातली ही जर्मन गाडी. मेबॅक कंपनीची सुरुवात झेपेलिन हवाई जहाजांच्या इंजिनांपासून झाली, म्हणजे विमानवेड्यांचाही तिच्यावर थोडा हक्क आहेच. गर्दी मात्र अफाट असते. दसरा चौकात दुपारीच जागा धरा.

पण माझं विचाराल तर आपल्या भागाचा खरा फोटो कारखान्यात आहे. हिवाळ्यात साखर कारखान्याकडे रात्री जाऊन बघा. गव्हाणीपुढे बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या रांगेत उभ्या, वर वाफेचे लोट, दिव्यांचा पिवळा उजेड आणि नाकात मळीचा वास. वास फोटोत येत नाही एवढीच खंत. गाडीखाली घोंगडी पांघरून झोपलेला ऊसतोडीवाला त्या उजेडात फार सुरेख दिसतो. तो रात्रभर तिथे का झोपलाय, हेही विचारून घ्या. नंबर लागेपर्यंत ऊस वाळतो, वजन घटतं, आणि पैसे तर वजनावर मिळतात.

निपाणीत तंबाखूच्या वखारी. इथे प्रकाश असा पडतो की नवशिक्याचाही फोटो बिघडू नये. वरच्या झरोक्यातून तिरीप येते आणि चाळणीतून उडालेली धूळ तीत सोन्यासारखी चमकते. मोह होतोच. पण ती तंबाखूची धूळ आहे. चाळणाऱ्या बायका तोंडाला पदर बांधून दिवसभर तीच श्वासात घेतात. जे आपल्या फोटोला रंग चढवतं, तेच त्यांना खोकला देतं. हे कळल्यावर कॅमेरा कुठे धरायचा, हा प्रश्न सोपा राहत नाही.

तो प्रश्न सोडवून गेलेली मंडळी आहेत. १९८१च्या एप्रिलमध्ये निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं, गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. हे आपल्या घराघरांत माहीत आहे. त्याच सुमारास वखारीतल्या बायकाही संघटित होत होत्या, ते कमी सांगितलं जातं. दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ गटाने या कामगार बायकांबरोबर चार महिने काढले. त्यांचं ऐकलं, मग वखारीत कॅमेरा नेला. १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा पंचवीस मिनिटांचा माहितीपट तयार झाला. मराठीत, कृष्णधवल. कॅमेऱ्यामागे नवरोज काँट्रॅक्टर. मणि कौल यांच्या ‘दुविधा’चं चित्रीकरण त्यांचंच. मोटरसायकलींचं त्यांना जबर वेड होतं; यंत्रांवर जीव टाकणारा माणूस, आणि निपाणीत आल्यावर त्यांचा कॅमेरा माणसांवर स्थिरावला. ‘युगांतर’चे माहितीपट अलीकडे बर्लिनच्या आर्सेनल संस्थेने डिजिटल करून जपले आहेत. आपल्या आज्या-आत्यांच्या वयाच्या बायका पडद्यावर कशा बोलतात ते जमलं तर घरी सगळ्यांनी बसून बघा. निपाणीत किती जणांनी पाहिलाय, हा जरा अवघड प्रश्न आहे.

चार महिने तुमच्याकडे नसतात, सुट्टी दहा दिवसांची. तरी एवढं करता येईल. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवा. मालकाची परवानगी घ्या, पण ती पुरेशी समजू नका. जिचा फोटो काढायचा तिला विचारा. सीमेवरची माणसं आपण, मराठी आणि कन्नड दोन्ही थोडी-थोडी हवी, ‘फोटो तेगीला?’ एवढं आलं तरी हसून उत्तर मिळतं. ‘नको’ म्हणाली तर नको. बिडी वळणारीच्या मांडीवरचं सूप, दोरा गुंडाळणारी बोटं, वखारीच्या दारावर खडूने लिहिलेले हिशेब, चाळण्या टांगलेली भिंत यांतही पुष्कळ सापडतं. वखारींची दारं एकेक करून बंद होतायत, काहींच्या जागी दुकानांचे गाळे उभे राहिलेत; उरलेल्या वखारींचे फोटो आताच काढून ठेवायला हवेत.

आणि परत जाण्याआधी निपाणीतल्याच एखाद्या स्टुडिओत प्रिंट काढून त्या बायकांना नेऊन द्या. नुसता मोबाईलवर पाठवलेला फोटो मुलाच्या फोनमध्ये अडकतो. कागदावरचा चौकटीत जातो. मागच्या बाजूला नाव आणि तारीख घालायला विसरू नका.