ज्याला भाव नाही त्याचं प्रदर्शन

ठाण्याच्या खाडीतून निघणाऱ्या कचऱ्याचं प्रदर्शन भरवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती, फ्लेमिंगो. 2015 साली खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 साली खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. त्यामुळे गुलाबी पिशव्या वेगळ्या काढा, दारातच मोठा पक्षी उभा करू, असं सोसायटीतल्या मुलांनी जाहीर करून टाकलं.

कचरा गोळा करायला वनखात्याची परवानगी घेतली. अमावास्येचं उधाण ओसरलं की किनाऱ्यावर कचऱ्याची रेघ उमटते. ती वेचणं सोपं. खरं काम तिवरांत. चिखलातून बोटभर वर आलेली श्वासमुळं, त्यांच्यावर पिशव्यांचे थर. मुळं झाकली गेली की झाडाला हवा मिळत नाही, आणि पिशवी ओढली की मूळ मोडतं. म्हणून एकेक पिशवी कात्रीनं कापून सोडवावी लागे.

पार्किंगमध्ये टब मांडून धुणं सुरू झालं. गाळाचा वास जाता जाईना. गाठ मारलेल्या पिशव्यांतून निर्माल्य निघालं; फुलांचा लगदा झालेला, गाठ मात्र जशीच्या तशी. गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं, थर्माकोल, एकेकट्या चपला. रंगाप्रमाणे ढीग लावू, असं चित्रकलेचे सर म्हणत होते. तेवढ्यात नेहमीचा भंगारवाला आला आणि न विचारता त्यानं स्वतःच्या हिशेबानं दोन ढीग केले. बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या डावीकडे, उरलेलं सगळं उजवीकडे. डावा ढीग गुडघ्याएवढा, उजवा छातीपर्यंत.

"हे का नाही घेत?" मुलांनी विचारलं.

"त्याला भाव नाय."

पाकिटात प्लास्टिक आणि ॲल्युमिनिअमचे थर एकमेकांवर दाबून बसवलेले असतात, ते वेगळे करणं परवडत नाही. थर्माकोलमध्ये जवळजवळ सगळी हवाच; टेम्पो भरतो, वजन भरत नाही. ज्याला भाव आहे ते बरंचसं वाटेतच कोणी ना कोणी उचलतं. ज्याला नाही ते नाल्यातून खाडीपर्यंत बिनबोभाट पोचतं. आमच्या घरांतून दोन्ही सारखंच बाहेर पडत होतं.

रंगांचा बेत तिथेच बारगळला. हॉलच्या दोन भिंती आम्ही त्या दोन ढिगांप्रमाणे लावल्या आणि प्रत्येक वस्तूखाली भंगाराचा दर लिहिला. उजव्या भिंतीवर सगळीकडे शून्य.

फ्लेमिंगोचं काय करायचं, ते कोळीवाड्यातल्या एका काकांनी सांगितलं. "सर, पक्षी बघायला माणसं खाडीत जातातच की. आमच्या जाळ्यात काय येतं ते दाखवा." त्यांनी घरातलं फाटकं डोल आणून दिलं. ओहोटीच्या ओढीला तोंड करून लावायचं हे जाळं. पाणी जे आणेल ते शेपटाकडे साठतं. आम्ही ते छताला टांगून उजव्या ढिगातल्या मालानं भरलं. मुलं आधी रुसली. मग शेपटाकडचा फुगवटा नीट दिसावा म्हणून त्यांनीच आतून दिवा लावला.

बघायला आलेल्यांपैकी बरेच जण उजव्या भिंतीपाशी आपला नेहमीचा ब्रँड शोधत होते. सापडला की हसायचे, मग खालचं शून्य वाचायचे.

प्रदर्शन संपल्यावर डाव्या ढिगाचे पैसे हॉलच्या विजेला गेले. उजवा ढीग आणि जाळ्यातला माल घंटागाडीत चढवला. काकांनी डोल परत नेलं. फाटलेलं शिवून पुन्हा लावणार होते.