काटा खरं बोलते का?

आपल्या वस्त्यांमधल्या पुष्कळ घरांत एक तरी ड्रायव्हर आहे. कुणाचा मुलगा ट्रॅक्टरवर, कुणाचा जावई काळी-पिवळीवर, कुणी शहरात दुसऱ्याच्या ट्रकवर. स्टिअरिंग आपल्या हातात आणि गाडी दुसऱ्याची, हा बहुतेकांचा अनुभव. माझ्या भाच्याने मात्र स्वतःची गाडी घेतली. आंजीहून वर्ध्याला भाजीपाला न्यायचा, येताना किराणा, सिमेंट, खताची पोती आणायची, असा त्याचा धंदा. गाडी म्हणजे महिंद्राची जुनी डिझेल पिकअप, जीपच्या तोंडाची. माझ्या बहिणीच्या बचत गटाचे कर्ज, तिच्या अंगावरचे थोडे सोने आणि नात्यातल्या चौघांची उसनवारी, यांतून ती दारात उभी राहिली. हिशेबाची वही माझ्याकडे, कारण घरात बी.कॉम. मी एकटा.

या गाडीचे मीटर मेलेले होते. मधला मोठा स्पीडोमीटर आणि बाजूचे डिझेल, पाण्याची उष्णता, ऑइलचा दाब व चार्जिंग असे चार लहान काटे, पाचही झोपलेले. भाचा म्हणायचा, “मामाजी, मले काट्याची गरज नाही. गाडी मले कानानं समजते.”

जुने ड्रायव्हर असेच बोलतात आणि त्यात तथ्यही आहे. पण पाणी तापायला लागते तेव्हा इंजिन ओरडत नाही. ते ओरडते तेव्हा वेळ गेलेली असते. एका मे महिन्यात वर्ध्याचे ऊन ४५ अंशांवर, गाडीत पुरा माल, आणि पंख्याचा पट्टा तुटला. याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो आणि चार्जिंगही त्यावरच चालते. काटे जिवंत असते तर चार्जिंगचा काटा त्याच क्षणी उलट बाजूला झुकला असता आणि मागोमाग उष्णतेचा चढला असता. गाडी बाजूला घ्यायला तेवढी सूचना पुरे होती. भाच्याला काहीच कळले नाही. हेड गॅस्केट जळाले, हेड वाकले, दुरुस्तीत दोन हप्ते थकले. गटाच्या बैठकीत बाई मान खाली घालून बसली. तिथल्या बायका तिला एका शब्दाने बोलल्या नाहीत, हेच तिला जास्त लागले.

त्यात पासिंग जवळ आलेले. मालवाहतुकीच्या जुन्या गाडीला दर वर्षी फिटनेस लागतो आणि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे स्पीडोमीटर हवेच. मिस्त्रीने भंगारातल्या दुसऱ्या गाडीचे अख्खे मीटर काढून आणले. दिसायला छान, सगळे काटे एकाच चौकटीत. तो म्हणाला, केबल जोडतो, दिवे पेटवून देतो, बाकीचे काटे शोभेला राहू द्या, पासिंगपुरते भागते. भाचा तयार होता. बाई चहा घेऊन आली होती, तिने ऐकले.

“भाऊ, तो काटा खरं बोलते का, थे पाह्य आधी.”

मिस्त्री हसला, पण कामाला लागला. दोन रविवार मी त्याच्याजवळ बसून होतो. मीटर बदलणे म्हणजे चार स्क्रू काढून चार लावणे, अशी माझी समजूत होती. तसे नसते. काटा ही नुसती जीभ आहे. बोलणारा टाकीत, इंजिनमध्ये बसलेला असतो. त्या दोघांची भाषा एक असावी लागते. डिझेलच्या टाकीत तरंगता फ्लोट असतो. तो वर-खाली होतो तसा विजेचा अडथळा कमी-जास्त होतो आणि त्यावरून काटा हलतो. काही गाड्यांत टाकी भरली की अडथळा वाढतो, काहींत कमी होतो. जुना फ्लोट नव्या मीटरला जोडला तेव्हा भरल्या टाकीवर काटा रिकामे दाखवू लागला! मीटरच्याच जोडीचा फ्लोट शोधावा लागला. ऑइलचेही तसेच. आमच्या इंजिनला फक्त दिवा पेटवणारा स्विच होता. तो ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगतो, दाब किती ते सांगत नाही. तिथे वेगळा सेंसर बसवला.

सर्वांत धोक्याची जागा चार्जिंगच्या काट्याची. जुना काटा अँपिअरचा होता. तो नळाच्या मीटरसारखा. सगळे पाणी त्याच्या पोटातून जाते, म्हणून त्याला दोन जाड वायरी. नव्या मीटरमध्ये व्होल्टचा काटा होता. तो बाजूला उभा राहून टाकीची पातळी पाहणारा, त्याला बारीक वायर पुरते. त्या दोन जाड वायरी तशाच याला लावल्या तर गाडीचा करंट तिथेच अडतो, आणि त्या बॉडीला टेकल्या तर वायरिंग पेटते. मिस्त्रीने आधी बॅटरीची अर्थ काढली, मग दोन्ही जाड वायरी एकमेकींना पक्क्या जोडून वरून आवरण घातले, आणि व्होल्टसाठी फ्यूज टाकून वेगळी बारीक वायर ओढली. ज्या घरात मुले गाड्यांची वायरिंग स्वतः उघडतात, त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

उष्णतेच्या काट्याची परीक्षा बाईनेच घेतली. उकळत्या पाण्याचे पातेले बॉनेटजवळ आणून ठेवले. मिस्त्रीने सेंसरला वायर आणि अर्थ जोडून त्याचे टोक पाण्यात धरले. काटा हळूहळू चढला आणि लाल पट्टीजवळ थांबला. बाईने मान हलवली. त्या पातेल्यात पुन्हा चहा झाला नाही, हे वेगळे सांगायला नको.

राहिला स्पीडोमीटर. त्याची केबल गिअरच्या पेटीतल्या एका लहान चक्रावरून फिरते. किलोमीटरमागे केबलचे किती फेरे होतात, हे त्या चक्राच्या दातांवर ठरते आणि मीटर त्याच हिशेबाने बनवलेले असते. मिस्त्रीच्या फळीवर एका फार जुन्या जीपचा डायल पडला होता, त्यावर मैल छापलेले. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, त्याआधीची ती आठवण. तो डायल कुणी हौसेने आज लावला तर ४० वर काटा असताना गाडी ६४ किलोमीटरने पळत असेल.

आमचे मीटर किलोमीटरचेच होते. तरी आर्वी रस्त्यावर दगड पाहून आम्ही मोजले. रस्त्याचे १० किलोमीटर झाले, मीटरने ११ दाखवले. वेगही तेवढाच जास्त दाखवत होते. भाच्याचा चेहरा खुलला.

“मामाजी, राहू द्या ना. भाडं तर मीटरवरच घेतो मी.”

मी मनात हिशेब केला. महिन्याला १,२०० किलोमीटर भाड्याची धाव, किलोमीटरला १८ रुपये. मीटर १,३२० दाखवणार. म्हणजे बसल्या जागी २,१६० रुपये, जवळपास अर्धा हप्ता. हप्ते थकलेल्या घरात हा आकडा लहान नसतो. भाडे देणारे तरी कोण? चार वाफ्यांची वांगी विकायला नेणारे, घराला दहा पोती सिमेंट आणणारे. त्यातल्या दोघी बाईच्याच गटातल्या. मी एवढेच म्हटले की हा आकडा वहीत कोणत्या नावाने लिहू, ते तू सांग. तो काही बोलला नाही. घरी आल्यावर बाईला कळले, तेव्हा तिनेही आवाज चढवला नाही. “ज्या दिवशी दगड मोजणारा बसंन गाडीत, त्या दिवशी का सांगशीन?” एवढेच विचारले.

जुन्या चक्राला २० दात होते. मिस्त्रीने शोधून २२ दातांचे बसवले. आता दगड आणि मीटर सोबत चालतात.

एक काम माझ्याकडे होते ते मी केले. भंगारातून आलेल्या मीटरवर दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर होते, आणि आकडा आमच्या गाडीच्या वयापेक्षा बराच कमी. उद्या गाडी विकायची वेळ आली तर घेणाराही आपल्यासारखाच कुणी उसनवारी करून आलेला असेल. म्हणून जुने मीटर कोणत्या आकड्यावर बंद पडले, नवे कोणत्या आकड्यावर आणि कोणत्या तारखेला लागले, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याखाली मिस्त्रीची सही घेतली. जुने मीटरही फेकले नाही, माळ्यावर आहे.

पासिंग झाले. हप्ते अजून एका महिन्याने मागे आहेत. डिझेलचा काटा चढावर थोडा डळमळतो, टाकीत डिझेल हलते त्याला मिस्त्री काय करणार. म्हणून सीटमागे खुणा केलेली बांबूची काडी असते, आणि लांबचे भाडे असले की भाचा आधी ती टाकीत बुडवून पाहतो.