पुन्हा तिथेच, पण सावकाश

मराठीत प्रवासासाठी दोन वेगळे शब्द आहेत: यात्रा आणि वारी. यात्रा आयुष्यात एकदा घडली तरी पुरते. वारी मात्र पुन्हा पुन्हा करायची असते. वाट तीच, मुक्काम तेच, विसावेही तेच. त्यामुळे वारीला निघालेल्या माणसाला नवे काही पाहण्याची घाई नसते आणि त्याची पावले आपोआप बेताची पडतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, ऑरलँडो शहराजवळ असलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या निव्वळ करमणुकीच्या नगरीलाही हा फरक लागू पडावा, हे ऐकून नवल वाटेल. परंतु मुलाकडे किंवा लेकीकडे काही महिने राहायला जाणाऱ्या आपल्याकडील अनेक ज्येष्ठांची तेथे दुसरी वा तिसरी खेप होते. ती खेप पहिल्यासारखी करायची की निराळी, हा प्रश्न प्रकृतीशी निगडित असल्याने त्याचा विचार येथे करीत आहे.

आधी जागेचा आवाका पाहू. १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालेली ही नगरी सुमारे शंभर चौरस किलोमीटर पसरलेली आहे. म्हणजे विस्ताराने बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जवळपास. तीत मॅजिक किंग्डम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंग्डम अशी चार स्वतंत्र उद्याने आहेत. एकेका उद्यानाला एक पूर्ण दिवसही अपुरा पडतो. तिकिटे महाग, मुलांची रजा मोजकी आणि नातवंडांचा उत्साह अमाप! त्यामुळे पहिल्या खेपेला पहाटे उठून दार उघडण्याआधी पोहोचणे, रांगेमागून रांग गाठणे आणि रात्रीच्या आतषबाजीनंतर पाय ओढत परतणे, असाच क्रम बहुतेक कुटुंबांत ठरतो. आठ-दहा किलोमीटरची चाल त्यात सहज होऊन जाते.

तरुणांना ही दमणूक दोन दिवसांत विसरता येते. सत्तरी ओलांडलेल्या माणसापुढे मात्र दोनच वाटा उरतात. एक, कुणाचा विरस होऊ नये म्हणून गुडघेदुखी गिळून सर्वांबरोबर धावणे. दुसरी, ‘तुम्ही जाऊन या, मी घरीच बसतो’ असे म्हणणे. पहिल्या वाटेने शरीर खचते. दुसऱ्या वाटेने मन खचते. आणि एकदा मागे राहायची सवय लागली की पुढे प्रत्येक बेतातून आजी-आजोबांचे नाव हळूहळू गळत जाते. म्हणूनच तिसरी वाट शोधणे आवश्यक ठरते. ती वाट सापडते दुसऱ्या खेपेत, कारण तोवर ‘सगळे पाहिलेच पाहिजे’ हे ओझे उतरलेले असते.

मॅजिक किंग्डमच्या तिकीटघराकडून उद्यानाकडे जाताना मध्ये माणसांनी घडवलेले एक विस्तीर्ण सरोवर लागते. मोनोरेल किंवा मोठी नाव, यांतून काहीही निवडता येते. घाई नसेल तर नाव निवडावी. पाण्यावरचा वारा अंगावर घेत पलीकडचा किल्ला हळूहळू मोठा होताना पाहावा. आत गेल्यावर मुख्य रस्त्यावर एखादे बाक पाहून बसावे. येथील इमारतींचे वरचे मजले मुद्दाम लहान आकाराचे बांधले आहेत, त्यामुळे त्या आहेत त्याहून उंच भासतात. खिडक्यांवर रंगवलेली दुकानदारांची वाटणारी अनेक नावे ही नगरी उभारणाऱ्या माणसांची आहेत. धावणाऱ्याला हे दिसत नाही, बसलेल्याला दिसते.

याच उद्यानात १९७५ पासून पीपलमूव्हर नावाची एक शांत गाडी उंचावरून फिरते. तिच्या डब्यांना स्वतःचे इंजिन नसते. मार्गात बसवलेल्या विद्युत मोटारींच्या चुंबकीय बलाने ते पुढे सरकतात. ना हिसका, ना आरडाओरडा; दहा मिनिटे सावलीतून आणि वाऱ्यातून फेरफटका होतो. मात्र सरकत्या फलाटावरून चढावे-उतरावे लागत असल्याने ज्यांची पावले स्थिर आहेत त्यांनीच आणि सोबत्याचा हात धरूनच तीत बसावे. तेथून जवळच कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस हे फिरते नाट्यगृह आहे. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी ते प्रथम रचले गेले. येथे रंगमंच जागीच असतो आणि प्रेक्षकांच्या खुर्च्याच त्याभोवती फिरतात. घरात वीज, शीतकपाट, दूरचित्रवाणी कशी येत गेली, याची कथा यांत्रिक बाहुल्या सांगतात. ज्यांनी लहानपणी कंदिलाच्या काचा पुसल्या आहेत त्यांना नातवंडांपाशी बोलण्यासारखे पुष्कळ काही येथे मिळते. गार हवेत वीस मिनिटे बसायला मिळते, हा लाभ वेगळाच.

एपकॉट उद्यानात एका मोठ्या तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत. मेक्सिकोपासून कॅनडापर्यंतचा पूर्ण फेरा साधारण दोन किलोमीटरचा आहे. तो एका दमात पुरा करण्याचे बंधन नाही. जपानच्या दालनात छोटी बाग आणि माशांचे तळे आहे. तेथे अर्धा तास बसणे हाही त्या देशाचा पाहुणचार घेण्याचाच प्रकार आहे. आज निम्मे देश, उरलेले पुढच्या खेपेला!

मराठी माणसाला विशेष रमवील ते ॲनिमल किंग्डममधील आनंदपूर. हे कल्पनेने रचलेले आशियाई गाव. तेथील ‘महाराजा जंगल ट्रेक’ या पायवाटेवर पडक्या राजवाड्याच्या भिंती, त्यांवरील विटलेली चित्रे आणि त्यांच्या आडून दिसणारे वाघ आहेत. पुढे मोठाली वटवाघळे आणि पाखरांनी भरलेला बंदिस्त बगीचाही लागतो. वाघ बहुधा झोपलेलाच असतो. तो उठेपर्यंत थांबण्याची सवड दुसऱ्या खेपेलाच असते.

सावकाशीचे एक शास्त्रीय कारणही आहे. मध्य फ्लोरिडात उन्हाळ्यात हवा दमट असते आणि दुपारनंतर विजांसह पाऊस कोसळणे हे नित्याचे. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते आणि घामावाटे शरीर थंड ठेवण्याची क्षमताही घटते. लघवी वाढवणारी किंवा रक्तदाबाची काही औषधे चालू असतील तर उष्म्यात एकाएकी उभे राहिल्यावर भोवळ येऊ शकते. म्हणून सकाळी तीन तास फिरून दुपारी खोलीवर परतावे, जेवून आडवे व्हावे आणि वाटलेच तर संध्याकाळी पुन्हा निघावे. ही वामकुक्षी दिवसाच्या आखणीतच धरावी. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी घेत राहावे. खाद्यपदार्थांच्या खिडकीवर मागितल्यास गार पाणी विनामूल्य मिळते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे.

भारतातून गेल्यावर वेळेचा फरक ऋतूनुसार साडेनऊ किंवा साडेदहा तासांचा असतो. शरीर साधारणपणे दिवसाला एखाद्या तासाच्या हिशेबाने नव्या वेळेशी जुळते; तेव्हा पोहोचल्यानंतरचे पहिले आठ-दहा दिवस अशी सहल ठरवू नये. मधुमेही व्यक्तींनी नवे बूट घालून जाऊ नये, रोज रात्री तळपाय तपासावेत आणि खिशात साखर किंवा गोळ्या बाळगाव्यात. इन्सुलिन उभ्या मोटारीत ठेवू नये. प्रत्येक उद्यानात प्रथमोपचार केंद्र असते. आत शिरताच त्याची जागा पाहून ठेवावी.

देखभाल करणाऱ्या मुला-सुनांसाठी, लेकी-जावयांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. प्रवेशद्वाराशी चाकांची खुर्ची भाड्याने मिळते. अनेक ज्येष्ठांना तीत बसणे कमीपणाचे वाटते. अशा वेळी ‘बाबा, तुम्हाला आता झेपणार नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘बाबा, खुर्ची बरोबर असू द्या, पिशव्या ठेवता येतील, वाटले तर बसा’ असे म्हणावे. निर्णय त्यांच्याकडे राहतो आणि खुर्ची आधाराची होते. दिवसात काय पाहायचे हेही त्यांना आधी विचारावे, आणि त्यांनी एकच गोष्ट सांगितली तर तीच दिवसाचा मुख्य कार्यक्रम समजावी. ज्यांची स्मृती मंदावू लागली आहे त्यांना अनोळखी गर्दी गोंधळवते. ओळखीचे बाक, ओळखीचे उपाहारगृह आणि ठरलेली वेळ त्यांना धीर देते. त्यांच्या बाबतीत जुन्याच जागी जाणे अधिक हिताचे.

अर्थात ओळखीची जागा कायम तशीच राहील याची हमी नसते. मॅजिक किंग्डममधील नदी आणि तिच्यावर फिरणारी मोठी जुन्या धाटणीची नौका २०२५ मध्ये कायमची बंद झाली. ज्यांनी गेल्या खेपेला त्या नौकेच्या कठड्याला टेकून नातवाबरोबर तासभर घालवला असेल, त्यांच्यापाशी ती आता आठवण म्हणून आहे. पुढच्या खेपेला काय असेल, आपण असू की नाही, हे वय झालेल्या माणसाला कुणी सांगावे लागत नाही. पण त्यावरचा उपाय अधिक धावणे हा नव्हे. ज्या चार-दोन गोष्टी वाट्याला येतील त्या पुऱ्या लक्षाने पाहणे, एवढेच आपल्या हाती असते.

अमेरिकेला जाणे सर्वांनाच घडते असे नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिकाला किंवा गावच्या जत्रेला नातवंडांबरोबर दुसऱ्यांदा जातानाही हाच नियम ठेवता येईल. निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाने एकेक आवडती गोष्ट निवडावी, दुपारची विश्रांती सर्वांनी मिळून घ्यावी आणि बाकीचे न पाहता परत यावे. न पाहिलेले शिल्लक राहिले तर बिघडत नाही. पुन्हा निघायला तेवढे निमित्त पुरेसे असते.